थांबलेला हात

भट्टीवर सगळे त्याला जपून्या म्हणत. हे नाव त्याच्या जोडीदाराने, भोंग्याने ठेवलं आणि ते असं चिकटलं, की पगाराच्या कागदावरचं खरं नाव वाचताना त्याला स्वतःलाच ते कुणा दुसऱ्याचं वाटायचं. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. माणूसच तसा. दुधाने तोंड पोळलेले लोक ताक फुंकून पितात म्हणे. हा पठ्ठ्या पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. जिना उतरताना कठडा धरणार, 'हो' म्हणायच्या आधी 'बघू' म्हणणार, आणि पत्ते वाटले की पहिल्या नजरेतच टाकून देणार.

तोच जपून्या आज दुपारी पत्त्यांच्या टेबलाशी बसला होता आणि आज त्याला हरून चालणार नव्हतं.

आता हे पत्ते कसले, ते सांगायला हवं. काचेच्या कारखान्याची भट्टी विझवता येत नाही. विझवली तर आतली वितळलेली काच थिजते, थिजताना मातीचं कुंड तडकवते, आणि मग नवी भट्टी बांधण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून वर्षातून एकदा आठ दिवसांची सुट्टी लागते तेव्हा सगळीकडे कुलपं आणि चिडीचूप, पण भट्टीपाशी एक माणूस मागे राहतो. दर दोन तासांनी तिला कोळसा खाऊ घालायचा, आतला रंग बघायचा, आणि झोपायचं ते एक डोळा उघडा ठेवून. आळीपाळीने का नाही करत, असं नवा माणूस विचारतोच. करून बघितलं होतं. एकाच्या हातची आग दुसऱ्याला कळायला दिवस जातो, आणि घरं सगळ्यांची एकेक दिवसाच्या अंतरावर. दोन-दोन दिवस वाटून घेतले तर सुट्टी कुणाचीच होत नाही. एका वर्षी यादी लावली, तर यादीवरून असं वाजलं की दोघं महिनाभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तेव्हा मास्तरांनी, म्हणजे इथल्या सगळ्यांत जुन्या कारागिराने, पत्ते आणले. पत्त्यांशी कोण भांडणार?

चौघं जण, प्रत्येकाला काचेचे तीस मणी. खेळ पोकरचा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांच्या सामाईक पाच. त्यातले तीन आधी उघडायचे, मग एकेक. पत्ते टाकले की तो पॅक, आणि बाकीचे सगळे पॅक झाले तर उरलेल्याने पत्ते न दाखवताच मणी घ्यायचे. दर डावाला पत्ते बघायच्या आधीच मध्ये मणी टाकायचे, त्याला हे लोक हजेरी म्हणत. पहिल्या तासाला हजेरी एका मण्याची, दुसऱ्याला दोनची, तिसऱ्याला तीनची. ज्याचे मणी सगळ्यांत आधी संपतील तो भट्टीपाशी राहणार, बाकीचे तिघं घरी. म्हणजे जिंकायचं कुणालाच नव्हतं. पहिलं मरायचं नव्हतं, एवढंच.

आणि एक नियम मास्तरांचा, तो सगळ्यांत कडक. टेबलावर कारण आणायचं नाही. कुणाची आई आजारी, कुणाचं लग्न, कुणाला कुठे जायचंय, एक शब्द नाही. मास्तर म्हणायचे, "कारणं मांडायला लागलात की ज्याला चांगलं रडता येतं तो सुटतो. भट्टीला तुमची कारणं कळत नाहीत, तेव्हा पत्त्यांनाही कळायला नकोत."

जपून्याचं कारण अकरा वर्षांचं होतं. त्याची लेक.

ती तिच्या आईबरोबर राहायची. आईने दुसरं लग्न केलं होतं, माणूस बरा होता, त्याबद्दल जपून्याची तक्रार नव्हती. वर्षातले हे आठ दिवस तेवढे बापलेकीचे, असं ठरलेलं. पण गेल्या वर्षी जपून्या हरला, त्याच्या आदल्या वर्षीही हरला, आणि दोन्ही वेळा त्याने फोन करून सांगितलं, "या खेपेला जमत नाही, बेटा. पुढच्या वेळी बघू." आता पुढची वेळ नव्हती. नव्या बापाला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती, सुट्टी संपली की दुसऱ्या दिवशी सगळं बिऱ्हाड निघणार होतं, आणि परत कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चार दिवसांपूर्वी लेकीने स्वतः फोन केला होता. "बाबा, या वेळी 'बघू' म्हणू नको हं. ये किंवा येत नाही म्हण." मागून तिच्या आईचा आवाज आला, "नसेल जमत तर आत्ताच सांगून टाक रे, तिला आशेला लावू नकोस."

आणि जपून्या म्हणाला होता, "येतो." आयुष्यात पहिल्यांदा न फुंकता बोलला.

दोन्ही वर्षी तो हरला कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. कुणी त्याला मारलंच नाही. त्याने मोठा डाव कधी खेळलाच नाही. हातात जरा डळमळीत पत्ते आले की पॅक. राणी-दश्शी? पॅक. छोटी जोडी? पॅक. चांगले येतील तेव्हा खेळू, म्हणत तो थांबला, आणि तोवर हजेरीनेच त्याला खाल्लं, एकेक, दोन-दोन, तीन-तीन. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात. तसंच ते रिकामंही होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो काही खोटा नाही.

टेबल म्हणजे काच कापायचं जुनं टेबल, वर जाड कापड टाकलेलं. उजवीकडे भोंगा बसला होता. अंगाने आडवा, आवाजाने उभा, गप्प राहिला तर आजारी आहे असं समजायचं. समोर ताई, वाळू आणि सोड्याचं मिश्रण करणारी, तागडीवर कणभर इकडेतिकडे होऊ न देणारी बाई. खेळायचीही तशीच, मोजून. आणि डावीकडे मास्तर. साठी ओलांडली होती, पाठ वाकली होती, पण फुंकणी हातात घेतली की अजूनही सगळे हातातलं काम सोडून बघत. जपून्याला काच त्यांनी शिकवली. पत्तेही त्यांनीच शिकवले.

तिसरा तास लागला होता. हजेरी तीनची. भोंग्यापुढे चाळीस मणी, ताईपुढे छत्तीस, मास्तरांपुढे तेवीस, जपून्यापुढे एकवीस. दारापाशी चार पिशव्या भरून ठेवलेल्या. त्यातली एक परत उघडायची होती, कुणाची ते ठरायचं होतं. शेवटची बस साडेपाचला आणि घड्याळात चारला दहा कमी.

"टाका हजेरी," भोंगा म्हणाला. "जपूनराव, तुम्ही टाकताय की मी तुमच्या नावाने दान करू?"

"टाकतोय ना बाबा," जपून्या म्हणाला आणि तीन मणी ढकलले. राहिले अठरा. सहा डाव नुसते बघत बसलं की संपले.

भोंग्याने पत्ते वाटले. जपून्याने कोपरा उचलून बघितलं. किलवरची नव्वी, किलवरची सत्ती. धड चांगले नाहीत, धड वाईट नाहीत. असल्या पत्त्यांचा त्याला मनापासून राग यायचा. वाईट आले तर टाकून मोकळं होता येतं, चांगले आले तर प्रश्नच नाही. पण हे असले, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

ताईने बोट टेकवून पुढे जाऊ दिलं. मग मास्तरांनी आपले पत्ते पाहिले, आणि त्यांचा हात थांबला.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. काचेच्या कामात हात कधी थांबत नाही. फुंकणीच्या टोकाला मऊ काच असते, ती फिरवत ठेवावी लागते, क्षणभर थांबलात की एका बाजूला ओघळते. वर्षानुवर्षं ही सवय हाडात मुरते. हे लोक जेवताना चमचा फिरवतात, बोलताना पेन्सिल फिरवतात, पत्ते खेळताना बोटांत मणी फिरवतात. हात थांबतो तो एकदाच, वस्तू पुरी झाली की. मास्तरांच्या बोटांतला मणी सबंध दुपार फिरत होता. आत्ता तो थांबला. जपून्याने ते बघितलं. अकरा वर्षं त्यांच्या हाताकडे बघण्यातच गेली होती, त्याला नाही दिसणार तर कुणाला?

म्हणजे मास्तरांकडे पुरी झालेली वस्तू होती. मोठी जोडी.

मास्तरांनी तीन मणी पुढे सरकवले. "तीन."

शहाण्या माणसाने इथे पत्ते टाकावेत. जपून्याला ते कळत होतं. पण टाकून टाकूनच तर दोन वर्षं गेली होती. तो म्हणाला, "कॉल," आणि तीन मणी टाकले, आणि टाकताक्षणी स्वतःवर चिडला. कारण ही बरोबरी म्हणजे ना धड हो, ना धड नाही. तोच जुना 'बघू'!

"अरे वा! जपूनराव खेळायला लागले," भोंगा ओरडला. "मी नाही बाबा मध्ये पडत. पॅक." ताईनेही पत्ते टाकले. मध्ये अठरा मणी. मास्तरांपुढे सतरा, जपून्यापुढे पंधरा.

भोंग्याने तीन पत्ते उघडले. इस्पिकचा एक्का. बदामची सत्ती. चौकटची चव्वी.

जपून्याने आधी पत्त्यांकडे बघितलंच नाही. त्याने मास्तरांच्या हाताकडे बघितलं. एक्का टेबलावर पडला आणि थांबलेला मणी पुन्हा फिरायला लागला. हळूच. अर्धा वळसा, मग अर्धा वळसा.

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मास्तरांकडे राजांची जोडी असणार, निदान राण्यांची. मघाशी ती पुरी झाली होती, आता एक्क्याने तिला तडा गेला. कुणाकडे एक्का असला तर ती मेली. आणि आपल्याकडे? सत्तीची जोडी. बिचारी सत्तीची जोडी! राजांपुढे ती काय टिकणार?

"पाच," मास्तर म्हणाले. मध्ये तेवीस झाले.

आता जपून्याची पाळी.

टाकले तर पंधरा उरतात. पाच हजेऱ्या. मास्तर तेवीस ओढून घेणार, मग चौघांत सगळ्यांत खाली आपणच. पाच डावांत चांगले पत्ते येतील? गेल्या वर्षीही पाच डाव उरले होते.

कॉल केला तर दहा उरतात आणि काही बदलत नाही. मास्तर पुढच्या पत्त्यावर परत विचारतील, मग उरलेलेही जातील. त्याला मास्तरांचंच बोलणं आठवलं, भट्टीपाशी पहिल्याच वर्षी ऐकलेलं. त्याने अर्धवट निवलेल्या काचेत फुंक मारली होती आणि ती हातातच फुटली होती. मास्तर म्हणाले होते, "कोमट काच फुंकत बसू नये, पोरा. एकतर परत आगीत घाल, नाहीतर ठोकून टाक. मधलं काही नसतं. मधल्यानेच हात कापतात."

ठोकून टाकणं त्याला येत होतं. आयुष्यभर तेच केलं होतं.

राहिलं आगीत घालणं. पंधराच्या पंधरा. मास्तरांना आणखी दहा टाकावे लागतील, त्यांच्याकडे आहेत बारा. ते खेळून हरले तर त्यांचे दोन उरतात, पुढच्या हजेरीलाही पुरणार नाहीत. आणि ते खेळून जिंकले तर जपून्या जागच्या जागी संपला. लेकीला परत फोन.

पण ते खेळतील का? इथे जपून्याच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती लक्षात आल्याची त्याला लाज वाटली. अकरा वर्षांत त्याने पाचदाच डाव चढवला होता, आणि पाचही वेळा हातात न हरणारे पत्ते होते. सगळ्यांना ठाऊक होतं. भोंगा म्हणायचा, जपूनरावांनी चढवलं की पत्ते टाकावेत आणि चहा प्यायला जावं. अकरा वर्षांचा हा विश्वास त्याने कधी वापरलाच नव्हता. तसाच कोरा पडून होता. आणि तो मोडायचा तर समोर कोण? ज्यांनी त्याला हाताला धरून शिकवलं, ते.

त्याचे स्वतःचे कान तापले होते. उजव्या हातात मणी गरागरा फिरत होता. मास्तर त्या हाताकडेच बघत होते. अर्थात बघणारच. तेही काचेचेच.

जपून्याने हात थांबवला.

सांगायला सोपं आहे. तुम्ही एकदा चालता चालता श्वास थांबवून बघा, म्हणजे कळेल. बोटं फिरायला धडपडत होती, कोपरापर्यंत शिरा ताणल्या होत्या, आणि त्याने ती बोटं कापडावर अशी ठेवली जशी पुरी झालेली वस्तू ठेवल्यावर ठेवतात. सैल, रिकामी, निवांत. मग डाव्या हाताने सगळे मणी पुढे लोटले.

"पंधरा," तो म्हणाला. आवाज कापला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

"आई गं," ताई पुटपुटली.

"झालं!" भोंगा म्हणाला. "मास्तर, टाका आणि चहा घ्या. जपूनरावांनी चढवलं म्हणजे वर एक्का आहे, खाली एक्का आहे, आणि कुणी सांगावं, बाहीतही एक एक्का असेल."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी आपले पत्ते परत उचलून बघितले, खाली ठेवले. जपून्याच्या तोंडाकडे बघितलं. मग हाताकडे बघितलं. भट्टीच्या आत घरघर आवाज चालू होता, तेवढाच. एक मिनिट गेलं, दोन गेली. जपून्याच्या मानेवरून घामाची धार उतरली, पण भट्टीपाशी घामाला कोण विचारतो? तो मनात एकच म्हणत होता, टाका, मास्तर, टाका, देवाशपथ टाका.

"हात थांबलाय त्याचा," मास्तर शेवटी म्हणाले, जणू स्वतःशीच. "हा पोरगा भांडं पुरं झाल्याशिवाय हात थांबवत नाही. मी शिकवलंय त्याला." आणि त्यांनी आपले पत्ते उलटे करून सगळ्यांना दाखवले. बदामचा राजा, किलवरचा राजा. "दुसरा कुणी असता तर सोडले नसते. घे."

जपून्याने आपले पत्ते न दाखवता गठ्ठ्यात सरकवले आणि मणी ओढून घेतले. अडतीस. मग दोन्ही हात टेबलाखाली नेऊन तो एक मणी गरागरा फिरवत बसला.

पुढचं फार लांबलं नाही. मास्तरांकडे बारा होते. एक हजेरी, पत्ते टाकले, नऊ. दुसरी हजेरी, सहा. त्या सहांवर त्यांनी राणी-गुलाम घेऊन सगळं लावलं, ताईकडे दश्शीची जोडी निघाली, आणि मधल्या पाच पत्त्यांनी मास्तरांना काही दिलं नाही. चारला पाच कमी असताना सगळं जाग्यावर होतं आणि सव्वाचारला मास्तरांपुढे नुसतं कापड होतं.

ताईने मणी डब्यात भरले. जाताना ती मास्तरांच्या पाया पडली, तशी ती एरवी कधी पडायची नाही. "येते, मास्तर. जपा." भोंगा "बरंय तर" असं अर्धं बोलून निघाला. गावं दोघांची एकाच रस्त्यावर, त्यांची बस लवकरची होती. जपून्याची साडेपाचची.

तो मास्तरांबरोबर भट्टीपाशी थांबला. कोळशाची पोती कुठे, निळी काच लावलेला चष्मा कुठे, पहारेकरी जेवण किती वाजता आणतो, सगळं दाखवलं. मास्तरांना हे सगळं त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी ते ऐकून घेत होते. त्यांनी दारापाशी जाऊन आपली पिशवी आणली, खाटेवर ठेवली आणि उघडली. वरती नवीन सदरा होता, घडीसुद्धा न मोडलेला. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि खालचा जुना बाहेर काढला.

"एक्का-सत्ती होता ना?" त्यांनी पाठमोरेच विचारलं. "की एक्का-एक्का?"

हो म्हणायचं होतं. एवढंच करायचं होतं, आणि म्हातारा सुखाने आठ दिवस झोपला असता. जपून्याने तोंड उघडलं आणि त्याला काही ते जमलं नाही.

"नव्वी-सत्ती," तो म्हणाला.

मास्तर वळले. "आणि हात?"

"थांबवला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम, मास्तर."

त्यांना राग आला. खरा राग आला, कानशिलं लाल झाली, आणि जपून्याला वाटलं आता हे हातातला सदरा फेकून मारणार. पण ते खाटेवर बसले. "पत्त्यांनी खोटं बोलतात. तोंडाने बोलतात. तो खेळच आहे," ते म्हणाले. "हाताने खोटं बोललेला तू पहिला. यापुढे या टेबलावर तुझ्या चढवण्याला कुणी घाबरणार नाही, कळतंय ना? पुढच्या वर्षी तू मेलास."

"पुढच्या वर्षी मेलो तरी चालेल. पुढच्या वर्षी ती इथे नसेल," जपून्याच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली. नियम मोडला होता.

मास्तरांनी 'ती' कोण हे विचारलं नाही. भट्टीचं झाकण किलकिलं करून त्यांनी आतला रंग बघितला, परत लावलं. मग खिशातून कागदाचा तुकडा काढला. वर एक नंबर.

"ऑफिस बंद झालंय आणि मी ते मोबाइलचं झेंगट बाळगत नाही. बाहेर पडलास की या नंबरवर सांग, मास्तर येत नाहीत म्हणून."

"तुम्हीच बोला ना माझ्या फोनवरून. आत्ता लावतो."

"नाही रे. माझ्याने नाही सांगवणार." ते म्हणाले आणि पोत्यातला कोळसा उपसायला लागले. "जा. बस चुकेल."

फाटकापासून थांबा शंभर पावलांवर. जपून्या तिथे पोचला तेव्हा पाच वीस झाले होते. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. त्याने कागद काढला, नंबर लावला आणि तिकडून उचलेपर्यंत मनाशी वाक्य घोळवलं. हे वाक्य त्याला पाठ होतं. दोन वर्षं तेच बोलला होता.

उचललं एका बाईने. आवाज म्हातारा, पण स्पष्ट. "बोल. निघालास का?"

"मी... मी मास्तरांच्या कारखान्यातून बोलतोय. मास्तर नाही येऊ शकत. भट्टीपाशी थांबावं लागलं त्यांना."

मागे कुठेतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"पण धाकट्याने तर नक्की सांगितलं होतं," ती म्हणाली. धाकटा. मास्तर कुणाचे धाकटे असतील, हे जपून्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. "मी त्याची थोरली बहीण. तू कोण?"

"मी त्यांच्या हाताखाली शिकलो."

"म्हणजे तुलाही ती भट्टी राखता येते."

"येते."

"मग त्याच्या जागी तू थांब ना, बाळा. तुझं वय आहे. त्याला पाठव."

इतकं साधं. टेबलावर अकरा वर्षांत असं कुणी कुणाला विचारलं नव्हतं. रस्त्याच्या टोकाला बस वळताना दिसली.

"नाही थांबता येत, आजी."

"का?"

"माझी मुलगी वाट बघतेय. ती आता दूर जाणार, समुद्रापलीकडे. परत कधी भेटेल माहीत नाही. हे आठच दिवस आहेत माझ्याकडे."

"केवढी आहे?"

"अकरा वर्षांची."

म्हातारीने ते ऐकून घेतलं. चिडली नाही, रडली नाही. हिशेब सांगावा तशी म्हणाली, "मी ब्याऐंशी वर्षांची आहे." आणि फोन ठेवला.

बस येऊन थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि विचारलं, "येताय का?" जपून्याने एकदा मागे फाटकाकडे बघितलं. कारखान्याच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता, म्हणजे मास्तरांनी आगीला पहिला घास दिला होता.

"हो," तो म्हणाला आणि चढला. तिकीट काढलं, खिडकीपाशी बसला, लेकीला 'निघालो' असं कळवलं. मग सबंध रस्ताभर तो रडला, आणि मध्येच उतरून परत फिरायला म्हणून काही एकदाही उठला नाही.